मेणवलीची घंटा सगळ्यांनी पाहिली, तिचं माहेर कुणी पाहिलंय?

घाटावरची (वाई)

वाईत पाहुणे आले की आमचा फेरा ठरलेला. ढोल्या गणपती, मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा बघायचा, मागच्या बाजूनं कृष्णेच्या घाटावर उतरायचं, मेणेश्वराला हात जोडायचे आणि शेजारी दगडी बांधकामात टांगलेल्या त्या दांडग्या घंटेला एक टोला द्यायचा. पोरं असली तर टोल्यांना मोजदाद नसते. फोटो होतात, ‘वसईच्या लुटीतली हो’ असं कुणीतरी सांगतं आणि मंडळी जेवायच्या चौकशीला लागतात.

घाई नसेल तर एकदा त्या घंटेच्या अंगाला डोळा लावून बघा. ओततानाच उठावानं काढलेली आकृती आहे, मेरी आणि बाळ येशू. सालही आहे, १७०७. त्याच वर्षी तिकडे औरंगजेब गेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. पुढे साताऱ्याला राजधानी आली ती त्यांच्यामुळे.

गाईड लोक बिनधास्त ठोकून देतात की नानांनी वसई मारली आणि घंटा आणली. वसई घेतली चिमाजी अप्पांनी, मे १७३९ मध्ये. नानांचा जन्म १७४२ चा, तोही आपल्या साताऱ्यातला. मेणवली त्यांना इनाम मिळाली १७६८ मध्ये. म्हणजे वसई पडली तेव्हा नाना जन्मालाही आले नव्हते, आणि घंटा या घाटावर चढली ती लढाईनंतर एक अख्खी पिढी सरल्यावर.

धागा काढायचं कारण असं की टोला देणाऱ्यांपैकी कुणालाच या घंटा जिथं वाजायच्या त्या इमारतींचं कुतूहल दिसत नाही. मी वसईचा किल्ला नीट फिरून आले, त्यावर थोडं लिहिते. जाणकारांनी भर घालावी.

वसईला किल्ला म्हणून जाल तर फसाल. ते तटाच्या आतलं आख्खं शहर होतं. गुजरातच्या बहादूरशहानं डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना लिहून दिली आणि पुढची दोनशे वर्षं ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन हे ख्रिस्ती साधूंचे संघ, प्रत्येक संघाचं वेगळं चर्च आणि वेगळा मठ. आणि या सगळ्यांत गावचं मानाचं चर्च म्हणजे सेंट जोसेफ. पोर्तुगालच्या गादीवर तिसरा जॉन राजा असताना, १५४६ मध्ये त्याचं काम निघालं. १६०१ मध्ये ते वाढवून नव्यानं बांधलं, तसा पोर्तुगीज शिलालेख आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस आणि इथले व्हिकार (मुख्य पाद्री) पेद्रो गाल्व्हांव परेरा यांची नावं त्यात आहेत.

कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च. वसईला त्या काळी बिशप नव्हता, कारभार गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली चालायचा, त्यामुळे काटेकोर पाहिलं तर हे गावचं मुख्य चर्च. पण रिक्षावाल्यापासून सगळे कॅथेड्रलच म्हणतात, मीही तेच म्हणते.

छप्पर कधीच गेलंय. दर्शनी भिंत, बाजूच्या भिंती आणि मनोरा शाबूत आहे. आत पाऊल टाकलं की वर आभाळ आणि भेगांतून पिंपळ. तरी आराखडा स्पष्ट वाचता येतो. एक लांबलचक दालन, त्याच्या टोकाला वेदी. आपल्या देवळात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना उजेड कमी कमी होत जातो. इथं तसं नाही. वेदी लांबूनसुद्धा सगळ्यांना दिसली पाहिजे, कारण विधी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालतो. बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्यानं दीक्षा द्यायची, जागा दाराजवळ, कारण त्या पाण्याशिवाय माणूस चर्चचा होत नाही.

मनोऱ्यात चक्री जिना आहे. इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर दोघांपैकी एकाला मागे फिरावंच लागतं. पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्यात, पावसाळ्यात जपून. वर गेलं की खाडी, नारळी आणि किल्ल्यातल्या बाकीच्या चर्चच्या भिंती एका नजरेत येतात, आणि घंटा एवढ्या उंचावर का टांगायचे ते तिथं उभं राहिल्यावरच कळतं. देवळातली घंटा भक्तानं स्वतः वाजवायची, म्हणून ती हाताशी. चर्चची घंटा गावाला हाक मारायला, शेतात आणि पाण्यात असलेल्या माणसापर्यंत पोचायला. मेणवलीला आपण लांबवर जाणारा तो आवाज कानाशी घेऊन ऐकतो, म्हणून दचकतो.

---

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, धागा एक नंबर. फक्त एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर ‘मेणवलीची घंटा सेंट जोसेफ कॅथेड्रलची’ असं फिरायला लागेल. किल्ल्यात अर्धा डझनाहून जास्त चर्च, प्रत्येकाच्या घंटा वेगळ्या. घंटा वसईची म्हणा, त्याच्या पुढे जाऊ नका.

वसईच्या घंटा अजूनही आहेत. नाशिकला नारोशंकराच्या देवळावरची तर भाषेतच जाऊन बसली. आमची आजी मोठ्या आवाजाच्या बाईला सरळ ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायची, तिला पोर्तुगीज वगैरे काही ठाऊक नव्हतं. भीमाशंकरला देवळासमोर एक आहे. या घंटा विजयाची खूण म्हणून देवाला वाहिल्या गेल्या. तोफा गडावर, घंटा देवळात, असा साधा हिशेब होता.

वसईचा वेढाही समजून घेतला पाहिजे. तटाला सुरुंग लावून बुरूज पाडले, मराठ्यांची माणसं हजारोंनी पडली. शेवटी तह झाला तेव्हा पोर्तुगीजांना आपलं सामान घेऊन, वाद्यं वाजवत, निशाण फडकवत बाहेर पडू दिलं. त्यामुळे सरसकट ‘लूट’ म्हणताना जरा दमानं. किल्ला ताब्यात आला, किल्ल्यातलं जे मागे राहिलं ते जिंकणाऱ्याचं.

---

मिरजेचा तंबोरा

मी मिरजेचा, घरात तंतुवाद्यांचं काम, त्यामुळे मला आवाजातच रस. मेणवलीच्या घंटेला टोला दिल्यावर लगेच पळू नका, थांबून ऐका. आधी धातूचा ठणका येतो, तो विरतो, मग मागे एक खोल घूं राहतो आणि त्याच्या वर एक उदासवाणा स्वर तरंगतो.

युरोपी घाटाच्या घंटेत हे असतंच. एकाच टोल्यात पाच-सहा स्वर उठतात आणि मुख्य स्वराच्या वरचा जो ठळक ऐकू येतो तो कोमल गंधार. तारेत तसं होत नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की त्यातून आपोआप शुद्ध गंधार बोलतो, आमच्याकडे जवारी लावणारा (तारेखालची घोडी घासून सूर खुलवणारा) त्याच गंधारावर कान ठेवून बसतो. घंटेचा तोंडाकडे पसरणारा घेर आणि काठाची जाडी यामुळे तिथं कोमल येतो. म्हणून चर्चची घंटा लग्नालाही वाजली तरी किंचित उदास वाटते.

धातू म्हणाल तर कासं. तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील. कथील वाढवलं तर आवाज चढतो पण घंटा तडकते, कमी केलं तर बद्द वाजते. आपल्याकडे पंचधातू म्हणून सांगतात.

---

कराडचा पाहुणा

@तंबोरा, कोमल गंधार! आता मेणवलीला ट्यूनर ॲप घेऊनच जातो. 🙏

---

जांभा आणि पाषाण (पाचगणी)

माझा विषय दगड, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार.

पसरणी घाट चढताना उजव्या-डाव्या कड्याकडे बघत चला. वाईपासून वरपर्यंत काळा कातळ, थरावर थर. आणि माथ्यावर, टेबललँडवर, तांबडा जांभा. महाबळेश्वर-पाचगणीची जुनी घरं, कुंपणं, शाळा या जांभ्याच्याच. आता हीच दोन दगडांची जोडी डोळ्यांसमोर ठेवून जुन्या गोव्यात जा.

गोव्यात किनाऱ्याला जांभा मुबलक. खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीनं तासता येतो, हवा लागली की कडक होतो. भिंत उभी करायला झकास. पण भोकाभोकाचा असल्यामुळे त्यात बारीक नक्षी निघत नाही. त्यासाठी घट्ट दगड हवा, आणि तो कुठून आला? वसईहून, गलबतांतून. तिथल्या बॉम जेझुस चर्चची दर्शनी बाजू बघा, भिंत जांभ्याची आणि त्यावरचं कोरीव काम काळ्या दगडाचं. तो वसईचा. म्हणजे घाटावरची ताई ज्या गावाबद्दल लिहितायत त्या गावाचे तुकडे गोव्याच्या भिंतीत आहेत.

आता ‘से’ कॅथेड्रल. बॉम जेझुसच्या समोर, रस्ता ओलांडला की. आपली सांगली-साताऱ्याची मंडळी गोव्याला जातात, सकाळी बॉम जेझुसमध्ये सेंट झेवियरचं शव ठेवलेली पेटी बघतात, से कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर उसाचा रस पितात आणि बागा बीचला पळतात. आत फार कमी जण जातात. मोठी चूक.

पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं गोवा जिंकला २५ नोव्हेंबर १५१० ला. तो सेंट कॅथरिनचा दिवस, म्हणून तिच्या नावानं आधी एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बांधलं. ते अजून जवळच आहे. आर्चबिशपच्या शहराला ते अपुरं पडायला लागलं, तेव्हा १५६२ मध्ये सेबास्तियन राजाच्या काळात आत्ताचं कॅथेड्रल सुरू झालं. पैसा सरकारी खजिन्यातला, बांधकाम डॉमिनिकनांकडे. मुख्य बांधकाम १६१९ ला उरकलं, वेद्या पूर्ण व्हायला १६५२ उजाडलं. सुरू करणारा राजा, व्हाइसरॉय, मिस्त्री, कुणीच शेवट बघायला उरला नाही.

आकार सांगतो: लांबी २५० फूट, रुंदी १८१ फूट, दर्शनी बाजूची उंची ११५ फूट. बाहेरून साधं, तस्कन धाटणीचं, उगाच नक्षी नाही. आत कोरिंथियन खांब. मधल्या दालनाच्या दोन्ही अंगांना चार-चार चॅपलं. आणि टोकाला सेंट कॅथरिनची सोनेरी वेदी. लाकडाचं कोरीव काम, त्यावर सोन्याचा वर्ख, तिच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग चौकटींत कोरलेले. दुपारी बाराच्या आत जा. दर्शनी बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन दारातून आत घुसतं आणि वर्ख उजळतो. चर्चची वेदी पूर्वेला ठेवायची जुनी रीत, इथं ती पश्चिमेला आहे.

समोर उभं राहिलं की इमारत लंगडी वाटते. डावीकडे मनोरा आहे, उजवीकडे नाही. दुसरा १७७६ मध्ये कोसळला आणि परत बांधलाच नाही. तोवर जुनं गोवा रोगराईनं ओस पडायला लागलं होतं, पुढे १८४३ मध्ये राजधानीच पणजीला गेली. कुणासाठी बांधायचा? उरलेल्या मनोऱ्यात जी घंटा आहे ती गोव्यातली सर्वांत मोठी, कुंकळ्ळीला ओतलेली, १६५२ ची. आवाजाच्या गोडव्यामुळे तिला सोन्याची घंटा म्हणतात.

एक वादाचा मुद्दा टाकून थांबतो. से कॅथेड्रलला चुन्याचा गिलावा आणि पांढरा रंग आहे, बॉम जेझुसचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञांनी काढून टाकला, दगड उघडा छान दिसतो म्हणून. फोटोत दिसतोच छान. पण जांभा पाऊस पितो. दरवर्षी थोडा थोडा झडतो. गिलावा परत करा म्हणणारे आणि तांबड्या रूपाच्या प्रेमात पडलेले, असे दोन तट तिथं आहेत. माझं मत विचाराल तर गिलावा करा. पाचगणीत ज्यानं जांभ्याची उघडी भिंत दहा पावसाळे सांभाळली असेल तो दुसरं काही म्हणणार नाही.

---

सातारी तडका

दगड-बिगड ठीक हाय, पण खरं बोला की. त्या सोन्याच्या घंटेचं कौतुक चाललंय, ती इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीच्या कोर्टाच्या, शिक्षा जाहीर करताना वाजायची हे कोण सांगणार? देवळं पाडली त्यांनी तिकडं. मग आपण चार घंटा आणल्या तर त्यात काय एवढं? मी तर म्हणतो अजून आणायला पायजे होत्या.

---

घाटावरची (वाई)

@सातारी तडका, दादा, कुणी झाकतंय का? इन्क्विझिशन गोव्यात १५६० ला आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. तिसवाडीतली (जुन्या गोव्याच्या आसपासच्या भागातली) देवळं १५४० च्या सुमाराला पाडली गेली, देव नदीपार न्यावे लागले. मंगेशी, शांतादुर्गा आज जिथं आहेत तिथं त्या कशा आल्या ते कोकणी माणसाला पाठ असतं. ती घंटा शिक्षेच्या दिवशी वाजायची हेही खरं. इमारतीबद्दल लिहिलं म्हणजे तिच्या मालकाची वकिली केली असं होत नाही. आणि चिमाजी अप्पांनी वसईची ख्रिस्ती रयत हाकलली नाही, ती आजही तिथंच आहे, हेही त्याच इतिहासात येतं. पुढे धागा भरकटला तर मी उत्तर देणार नाही, आधीच सांगते.

---

कृष्णाकाठ (सांगली)

जुनं गोवा आणि मराठे, एक किस्सा राहिला. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतलं, जुन्या गोव्याच्या अगदी दारात. पोर्तुगीज व्हाइसरॉय, काउंट ऑफ आल्व्होर, इतका हबकला की बॉम जेझुसमध्ये जाऊन झेवियरच्या पेटीत आपला अधिकारदंड ठेवला, आता तूच राज्य वाचव म्हणून. मग मोगल शहजादा शाह आलमची फौज कोकणात उतरली आणि मराठ्यांना माघारी वळावं लागलं. गोव्यातल्या भाविकांनी श्रेय कुणाला दिलं ते सांगायला नको.

---

वसईची लेक, साताऱ्याची सून

इतके दिवस नुसती वाचते, आज लॉगिन केलं. माझं माहेर वसईचं, ख्रिस्ती. लग्न होऊन साताऱ्यात आले. इकडे आडनाव सांगितलं की पहिला प्रश्न, ‘गोव्याच्या का?’ नाही हो, आम्ही मराठी. घरात आमची बोली, चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) मराठीत, आणि आजीचं लुगडं तुमच्या आजीसारखंच नेसलेलं.

किल्ल्याला पडीक म्हणू नका एवढंच सांगायचंय. जेझुइटांच्या चर्चमध्ये, होली नेममध्ये, गोन्सालो गार्सियाचा सण अजून होतो. तो आमच्या वसईचा पोरगा, जन्म १५५७ च्या आसपासचा. जपानात नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ ला त्याला क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये पोपनं संत केलं. भारतात जन्मलेला पहिला संत. सणाच्या दिवशी त्या पडक्या किल्ल्यात इतकी माणसं असतात की चप्पल हरवते. लहानपणी मिस्सा संपेपर्यंत धीर धरवायचा नाही, आम्ही पोरं सेंट जोसेफच्या मनोऱ्याकडे पळायचो आणि बायका मागून ओरडायच्या.

आणि बिशप म्हणाल तर आता वसईला आहे. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा धर्मप्रांत झाला. कॅथेड्रल पापडीला, अवर लेडी ऑफ ग्रेस. किल्ल्यातलं नाही. घरचं कुणी गेलं तर अजूनही घंटा देतात. सकाळी चहा टाकलेला असताना ती वेगळ्या लयीत, थांबत थांबत वाजायला लागली की आई गॅस बारीक करून आधी खिडकीत जायची. कुणाकडे, ते शेजारीण सांगायची.

---

कराडचा पाहुणा

ताई, लिहीत रहा. चप्पल हरवण्यावरून कळलं, जत्रा सगळीकडे सारखीच.

एक बाळबोध प्रश्न. मग आपल्या साताऱ्याला, सांगलीला कॅथेड्रल का नाही? चर्च तर बरीच आहेत.

---

जांभा आणि पाषाण (पाचगणी)

दोन कारणं. एक, कॅथलिकांमध्ये आपण पुणे धर्मप्रांतात येतो. तो १८८६ मध्ये झाला आणि त्याचं कॅथेड्रल पुण्यातलं सेंट पॅट्रिक्स. ते मुळात १८५० च्या सुमाराला छावणीतल्या आयरिश सैनिकांसाठी बांधलेलं, नावावरूनच कळतं. एका धर्मप्रांताला एक बिशप.

दुसरं, इकडे मिशनचं मोठं काम प्रोटेस्टंटांचं. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, १८९४ पासूनचं. प्रेस्बिटेरियनांत बिशपच नसतो, मग कॅथेड्रल कुठून येणार? कॅथलिक चर्च बघायचं असेल तर महाबळेश्वरला बाजारपेठेजवळचं होली क्रॉस बघा. छोटं आहे, रंगीत काचा सुंदर आहेत. स्ट्रॉबेरी क्रीमच्या रांगेतून जरा बाहेर पडलात की झालं.

---

सातारी तडका

@घाटावरची, ताई, रागावू नका, बोलायची पद्धतच आपली तशी. दिवाळीनंतर वसईला जातोय मित्रांबरोबर. किल्ला स्टेशनपासून लांब हाय का? आणि वर मनोऱ्यावर सोडतात का?

---

वसईची लेक, साताऱ्याची सून

दादा, वसई रोडला उतरा, स्टेशनच्या पश्चिमेला. तिथून किल्ला लांब आहे, चालत जाऊ नका, रिक्षा मिळते. ‘किल्ला बंदर’ सांगा. सकाळी लवकर जा, नंतर प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी होते, प्रत्येक कमानीखाली एक नवरी उभी असते. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, आत दुकानं नाहीत. मनोऱ्याचा जिना उघडा आहे की बंद ते तिथल्या रखवालदाराला विचारा आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

येताना पापडीच्या बाजारात सुकी केळी घ्या. वसईची. साताऱ्यात मिळत नाहीत, दोन पाकिटं माझ्यासाठीही चालतील. 😄